रुखवतातलं इंजिन

नवी वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. ती जुनी करावीशी वाटते.

धंदा माझा पेंटरचा. जळगावात दुकानांचे बोर्ड, पोळ्याला बैलांची शिंगं, निवडणुकीत भिंती, आणि लढाई चालू होती तेव्हा मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. पण लोक मला ओळखतात ते वेगळ्याच कामासाठी. गौतमचंदशेठनं कापडाचं दुकान टाकलं तेव्हा मला म्हणाला, "पंडित, बोर्ड असा झगमगीत काढ की स्टेशनवरून दिसला पाहिजे." मी म्हटलं, "शेठ, झगमगीत बोर्डाकडे गिऱ्हाईक नुसतं बघतं. आत शिरतं ते जुन्या बोर्डाखालून." आणि मग त्याला बोर्ड करून दिला. अक्षरांना तडे, कोपऱ्यात गंज, वरच्या काठावर कबुतराची शीटसुद्धा चुन्यानं काढली. दुकान उघडून महिना झाला नसेल, धरणगावचा एक म्हातारा पायरीवर बसून सगळ्यांना सांगत होता, "माझ्या लग्नातला फेटा याच दुकानातला बरं का!" गौतमचंदनं त्याला चहा पाजला. हसला मात्र नाही. पक्का व्यापारी.

नवी सायकल घेतली की लोक आधी माझ्याकडे आणायचे. मी तिला असं म्हातारं करून द्यायचो की चोरालासुद्धा तिची कीव यावी.

तर असा मी, आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त शालिग्राम. केळीवाला. मळा मोठा, मन मोठं, आणि तोंड सगळ्यात मोठं. त्याच्या तोंडात आलेली गोष्ट पोटात जात नाही, बाहेरच पडते.

त्याच्या कोकिळाचं लग्न ठरलं जामनेरच्या भाईदास आप्पांच्या मुलाशी. आप्पा म्हणजे छोट्या गाडीचे ड्रायव्हर. पाचोऱ्याहून पहूरवरून जामनेरला जाते ती छोटी गाडी. रूळ हातभर रुंद, डबे बसके, इंजिन कमरेत वाकून बोलावं एवढं. पण आप्पांचं उभं आयुष्य तिच्यावर गेलं. बायकोला ते नावानं हाक मारत नसत, इंजिनाला मारत. "चल गं राणी!"

कुंकवाच्या कार्यक्रमाला मी नव्हतो, धुळ्याला टॉकीजचा बोर्ड काढायला गेलो होतो. नाहीतर शालिग्रामच्या तोंडात वेळेवर लाडू कोंबला असता. झालं ते असं. गप्पा रंगल्या, हसणं-खिदळणं चाललं, आणि हा म्हणाला, "आप्पा, तुमची गाडी म्हणजे खेळणंच की हो! जत्रेत चावी देऊन सोडतात तसलं. आज येताना खिशात घालून आणायची, पोरं खेळली असती!"

लोक हसले. आप्पांनी हातातला लाडू ताटात ठेवला.

"शालिग्रामभाऊ," ते म्हणाले, "शब्द दिलाय, लग्न होईल. पण ज्या घरात माझ्या गाडीला खेळणं म्हणतात, त्या घरचा घास माझ्या तोंडात जाणार नाही."

आणि उठून गेले.

आता हे तुम्हाला लहान वाटेल. पण लग्नात वराचा बाप पंगतीला बसला नाही तर वऱ्हाडातला एक माणूस बसत नाही. पाट मांडलेले, पत्रावळी वाढलेल्या, आणि समोर कोणी नाही. अशा घरची पोरगी सासरी जाते ती जन्मभर खाली मान घालून. शालिग्रामनं माफीचे निरोप धाडले. शेवटी केळीचा एक घड छोट्या गाडीनंच पाठवला. घड त्याच गाडीनं परत आला. फरक एवढाच, जाताना हिरवा होता, येताना पिकला होता.

त्या संध्याकाळी मी त्याच्या ओट्यावर होतो. कोकिळा चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, थट्टा तुम्ही केली. पण तिथं रोज घास मला गिळायचाय."

एवढंच बोलली आणि आत गेली. शालिग्राम चहा कपातून बशीत आणि बशीतून कपात ओतत राहिला.

मी म्हटलं, "शाल्या, रुखवतात गाडी ठेवू."

"कसली गाडी?"

"आप्पांची. छोटी गाडी. पत्र्याची, हातभर लांब. इंजिन आणि एक डबा."

"पंडित्या, डोकं फिरलं का? खेळणं म्हटलं म्हणून तो रुसला, आणि त्याला खेळणंच नेऊन दाखवू?"

"खेळणं नाही रे. गाडीच. खेळण्यात आणि गाडीत फरक काय असतो सांग."

"काय?"

"मळ!" मी म्हटलं. "खेळणं चकचकतं. जी गाडी खरंच चालते ती मळते. आपण मळलेली गाडी देऊ. तिच्याकडे बघून कोणी खेळणं म्हणाला तर माझे ब्रश बंबात घाल."

पत्र्याचं काम उखर्डूकडे दिलं. हा डालडाच्या रिकाम्या डब्यांचे कंदील करतो, हात सोन्याचा. त्यानं इंजिन केलं, डबा केला, चाकं फिरती केली. वर मला न विचारता सगळ्याला झगझगीत हिरवा रंग दिला, चाकं लाल केली, आणि हौसेनं इंजिनाच्या तोंडावर मोर काढला.

"मोर कशाला रे?"

"लग्न आहे ना!" उखर्डू म्हणाला.

आता खरी गाडी डोळ्यांनी बघायला पाहिजे होती. नुसतं काळं फासलं की जुनं होत नाही. कुठली वस्तू कशी झिजते याला कारण असतं. पहूरला गेलो. छोटी गाडी पाणी घ्यायला उभी होती, मी इंजिनाच्या पोटाशी उकिडवा बसलो आणि नखानं काजळी खरवडून पुडीत घ्यायला लागलो. वरून सावली पडली.

"काय चाललंय?"

उंच माणूस, मिशा पांढऱ्या, पण टोकं काजळीनं काळी. भाईदास आप्पा. ते मला ओळखत नव्हते हे बरं होतं. खरं बोलून काम होत असताना खोटं बोलायचं नाही, असं माझी आई सांगायची. पण इथं खरं काय सांगणार?

"आप्पा, पोराला सारखी दृष्ट लागते," मी म्हटलं. "वैदू म्हणाला घरचं काजळ चालायचं नाही. इंजिनाचं पाहिजे."

त्यांनी डोळे बारीक केले. "मग भुसावळला जा. मोठमोठी इंजिनं पडलीत तिथं."

"विचारलं ना मी! वैदू म्हणाला, मोठ्या इंजिनाकडे बघून लोक घाबरतात, त्याला कोण दृष्ट लावणार? दृष्ट लागते देखण्या वस्तूला. जिनं इतकी वर्षं लोकांची नजर झेलली आणि तरी जी धडधाकट आहे, तिचंच काजळ लागू पडतं."

आप्पा जरा वेळ इंजिनाकडे बघत राहिले. मग स्वतः वर चढले आणि काजळीनं भरलेला डबा घेऊन खाली आले. "हे घे. चिमणीच्या तोंडचं आहे. हे जास्त लागू पडेल."

म्हणजे मी थाप मारून क्षण झाला नाही, आणि त्यांना त्यातले बारकावेसुद्धा कळायला लागले होते!

मला त्यांनी वर बसवून जामनेरपर्यंत नेलं. मी डोळ्यांनी सगळं चोरलं. पाणी सांडून बॉयलरवर पांढरे ओघळ आलेले. चाकांच्या आऱ्यांत कापूस अडकलेला, शेतातून उडून आलेला. डब्याच्या खिडक्यांच्या कडा लोकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेल्या, आणि प्रत्येक खिडकीखाली पानाची पिंक. ती पिंकसुद्धा सरळ नाही, गाडी पुढे गेली म्हणून मागे झुकलेली. आणि एक गोष्ट अशी की ती मी डोक्यात गाठ मारून ठेवली. आप्पा ज्या दांडीला धरून बाहेर वाकून बघायचे, तिला त्यांनी धोतराचं फडकं बांधलं होतं, दांडी उन्हानं तापते म्हणून. त्या फडक्यावर त्यांच्या तेलकट हाताचा ठसा होता. चार बोटं आणि अंगठा. रोज तिथंच हात, रोज तीच पकड.

घरी येऊन दार लावलं आणि कामाला लागलो. आधी रंगाला पोपडे यावेत म्हणून गाडी चुलीवर धरली. हिरवा रंग फुगला, जागोजाग सुटला. मोर जळाला नाही, चिवट निघाला. त्याच्यावर डिंकात कालवलेली आप्पांची काजळी चढवली. लोहाराकडचा लोखंडाचा कीस ताकात भिजत घातला, त्यातून असा गंज निघाला की बघूनच धनुर्वात व्हावा. पांढरे ओघळ चुन्याचे. पिंक काताची, मागे झुकलेली. टपावर काळ्या मातीची धूळ, आऱ्यांत कापूस.

आणि दांडीला माझ्या जुन्या धोतराची चिंधी, घट्ट गाठ मारून. हाताचा ठसा मात्र काजळीचा नाही केला. म्हटलं, ही खूण पक्की पाहिजे. तो केला केळीच्या चिकाचा. आमच्याकडे पोरांना मार बसतो त्यातला निम्मा केळीच्या चिकापायी. सदऱ्यावर पडला की सदरा फाटतो, विरतो, त्याचं पोतेरं होतं, पण डाग जात नाही. बारीक काडीनं चार बोटं आणि अंगठा काढला, वाळून तपकिरी झाला.

शालिग्राम बघायला आला. दारातच थबकला. "ही कुठून आणली?"

"पहूरहून. रस्त्यात लहान झाली."

त्यानं वाकून वास घेतला आणि खरंच खोकला.

लग्नाच्या दिवशी सकाळी गाडी मंडपात रुखवतात ठेवली. एका बाजूला साखरेचं देऊळ, एका बाजूला कापसाचे ससे, मध्ये माझी काळी राणी. मग मी आंघोळीला गेलो. तेवढीच चूक झाली. आयुष्यात जेव्हा जेव्हा आंघोळ केली तेव्हा माझं नुकसानच झालं आहे.

शालिग्रामची मोठी बहीण, झुंबर अक्का, धुळ्याकडे दिलेली. लग्नकार्याला यायची ती चिंच आणि राख बरोबर घेऊनच. तिच्या हाताला घासण्याचं वेड. एकदा तिनं तांब्याचा लोटा असा घासला की त्याला भोक पडलं, आणि ती म्हणाली, "आते स्वच्छ व्हयना!"

मी आंघोळ करून मंडपात आलो. रुखवताच्या मधोमध काहीतरी लखलखत होतं. उन्हाची तिरीप त्याच्यावरून उडून आचाऱ्याच्या डोळ्यात जात होती. शेजारी अक्का पदरानं कपाळ पुसत उभी.

"काय रे पंडित्या, रुखवतमा काळं भूत ठेवस का?" ती कडाडली. "तुले काही लाज शे का? आम्हनी पोरनं लगीन शे! घासी घासी मन्हा हात दुखी ग्यात. आते देख, कसं चमकी राहिनं!"

चमकत होतं खरं. पोपडे आणलेला रंग नारळाच्या शेंडीनं सोलून निघाला होता. आतून उखर्डूचा पत्रा उघडा पडला होता, आणि कोळशाच्या डब्यावर डालडाचं खजुराचं झाड, पानंबिनं सगळी ठळक. चाकांचा लाल रंग आणि तोंडावरचा मोर तसाच. मोराला अक्कानं चांगला म्हणून सांभाळलं होतं.

"अक्का," मी म्हटलं. "आजच्याऐवजी उद्या घासली असती तर?"

"उद्या? वऱ्हाड तं आज येस ना!"

शालिग्राम आला. त्यानं गाडी बघितली आणि हळूच पाटावर बसला. बँडचा आवाज जवळ येत होता.

मी स्वयंपाकाकडे धावलो. पातेल्यांच्या बुडाची काजळी तर असेल! नव्हती. घासायला सोपं जावं म्हणून अक्कानं पहाटेच सगळ्या पातेल्यांच्या बुडांना मातीचं सारवण करायला लावलं होतं, आणि एकेक पातेलं उतरताच ती माती काजळीसकट धुऊन काढली होती. इतक्या मोठ्या लग्नघरात चिमूटभर काळं मिळेना. तोंड तेवढं काळं होणार होतं, तेही आमचंच.

वऱ्हाड आलं. मंगलाष्टकांच्या आधी वराकडच्यांना रुखवत दाखवायची रीत. आप्पा पुढे आले. कोट, पांढरं धोतर, मिशा आज पूर्ण पांढऱ्या. साखरेचं देऊळ बघितलं. ससे बघितले. मग ते थांबले.

मोर. लाल चाकं. खजुराचं झाड.

बँडवाल्यानं पिपाणी खाली घेतली.

"शालिग्रामभाऊ," आप्पा म्हणाले, "त्या दिवशी नुसतं तोंडानं बोलला होतात. आज करून दाखवलंत."

ते वळले. आतल्या दारात कोकिळा मुंडावळ्या बांधून उभी, तिनं डोळे मिटून घेतले. मी मध्ये उडी घेतली.

"आप्पा, थांबा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "तू? काजळवाला?"

"हाच का तो?" वऱ्हाडातल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"अरे, तुझ्या त्या वैदूचं नाव सांग मला आधी!" आप्पा ओरडले. "पहूरला गाडी उभी राहिली की बायका पोरं घेऊन येतात, आप्पा, काजळ लावा! शिट्टी द्यायला हात मोकळा नाही मला!"

"भाऊ," एक बाई मागून म्हणाली, "तुमचं भलं होवो. माझं पोरगं आता नीट दूध पितं."

"आप्पा," मी म्हटलं, "वैदू नाही. मला पोरगंही नाही. काजळ मी या गाडीसाठी नेलं होतं. ही सकाळपर्यंत काळीकुट्ट होती, तुमच्या राणीसारखी. अक्कानं घासली."

मी कित्येक वर्षांत सलग एवढं खरं बोललो नव्हतो. आणि एका माणसानं विश्वास ठेवला असेल तर शपथ! आप्पा म्हणाले, "वा! आज नवीन थाप." आमच्याकडचेसुद्धा हसले.

"या चमचमणाऱ्या डब्याला माझी राणी म्हणतोस?" आप्पा गाडीवर बोट रोखून वाकले. "ही? ही जिच्यावर..."

बोट तिथंच राहिलं.

"हे फडकं कोणी बांधलं?"

"मी," मी म्हटलं.

अक्का पुढे सरसावली. "ते बी मी धुयं, आप्पा. चिंच लावी, साबण लावा, दगडवर चोळं. गाठ सुटनी नही, ना तो डाग निंघना. आते तुम्हीच सांगा, मन्हा काय दोष?"

आप्पा धोतर सावरून खाली बसले. चिंधी पांढरीशुभ्र झाली होती, आणि तिच्यावर तपकिरी, स्पष्ट, चार बोटं आणि अंगठा. त्यांनी स्वतःचा हात हवेत धरला. तशीच पकड, तसाच अंगठा वर. मग त्या इवल्याशा ठशावरून नख फिरवलं.

"केळीचा चीक?"

"हो."

"म्हणजे तू तेव्हा हे बघत होतास." त्यांनी मान हलवली. मग गंभीरपणे अक्काकडे वळले. "अक्का, नवरदेवाला आंघोळ घालतात. इंजिनाला नाही."

आणि त्यांनी कोटाच्या खिशात हात घालून एक डबी काढली. पहूरच्या बायका लग्नातसुद्धा मागतात म्हणून बरोबर ठेवलेली. चिमणीच्या तोंडचं काजळ! "शालिग्रामभाऊ, जरा गोडं तेल आणा. आणि या मोराचं तोंड आधी बंद करू."

पुढे जे झालं तसं रुखवत मी कुठं बघितलं नाही. वराचा बाप बाह्या सरसावून उकिडवा बसलेला, बोटानं काजळी लावतोय आणि सांगतोय. "इथं नाही, इथं वारा लागतो, इथं कमी. राख इथं साचते." वऱ्हाडातला एक जण पान थुंकायला निघाला होता, त्याला मी म्हटलं, "दादा, बाहेर कशाला, खिडकीखाली टाका. मागे झुकवून बरं का!" आप्पांनी ती पिंक तपासली आणि म्हणाले, "बरोबर." भटजी ओरडत होते, "अहो, मुहूर्त! मुहूर्त टळतोय!" आप्पा मान वर न करता म्हणाले, "भटजी, चाकं राहिलीत."

शालिग्रामच्या गालावर हसू फुटायला लागलेलं मी बघितलं. त्याचं तोंड उघडायला लागलं. मला कळलं, आता हा म्हणणार, आप्पा, गाडीला आज लेट झाला. आचारी पंगतीकडे नेत होता त्या ताटातली कणकेची अख्खी टणक बट्टी उचलून मी त्याच्या तोंडात घातली. तिच्यावर तूप नव्हतं, त्यामुळे लग्न लागून गेलं तरी ती त्याला पुरली.

अक्षता पडल्या. पंगत मांडली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. पाट रिकामे आणि सगळे आप्पांकडे बघतायत. ते मंडपातून आले, मधल्या पाटावर बसले. त्यांच्या मागोमाग सगळं वऱ्हाड धपाधप बसलं.

अक्का लोटा आणि चिंच घेऊन धावली. "आप्पा, हात! हात तं धुयी घ्या! बठ्ठा काळा शेत!"

"राहू द्या अक्का," आप्पा म्हणाले. "तीस वर्षं याच हातानं जेवतोय."

त्यांनी बट्टी फोडली. पांढऱ्या बट्टीवर काळा अंगठा उठला. तो वरणात बुडवून त्यांनी पहिला घास तोंडात टाकला, चावला, आणि शालिग्रामकडे बघून म्हणाले, "वरण चांगलं झालंय, व्याही."

शालिग्रामनं मान डोलावली. बट्टी अजून संपली नव्हती. डोळ्यांत मात्र पाणी आलं, ते बट्टीनं की कशानं, मी विचारलं नाही. पलीकडच्या पाटावर कोकिळानं नवऱ्याच्या हातचा घास घेतला आणि पटकन गिळला.

संध्याकाळी रुखवत ट्रकमध्ये चढलं. गाडी आप्पांनी स्वतःच्या मांडीवर घेतली, पांढऱ्या धोतराची पर्वा न करता. अक्का लांब उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. पण मी तिच्या मागेच होतो. तिची बोटं शिवशिवत होती.